सजावटीचं कापड, एक

सव्वीस वर्षं मी दुबईत माणसं झोपवायचं काम केलं. गावी कोणी विचारलं, "लोपीस, तू तिकडे नक्की करतोस काय?" तर मी हेच सांगायचो आणि समोरचा हसायचा. पण काम खरंच तेच होतं. आखातात कंपनी माणूस आणते तेव्हा त्याला राहायला जागाही देते. त्या जागेला तिथे कॅम्प म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला कॅम्प बॉस. तंबूबिंबू काही नसतो. आमचा कॅम्प म्हणजे अल क्वोजमध्ये गोदामं आणि गॅरेजांच्या मधोमध उभी असलेली तीन मजली इमारत, एकेका खोलीत सहा बेड, तीन खाली, तीन वर. राहणारे सगळे हॉटेलांत काम करणारे: कुक, वेटर, लाँड्रीवाले, ड्रायव्हर.

माझ्या ऑफिसात एक मोठा फळा होता. प्रत्येक बेडला एक खाच आणि खाचेत माणसाच्या नावाचं कार्ड. फिलिपिनो निळं, नेपाळी पिवळं, इंडियन हिरवं, असे रंग. एका मुलखाची माणसं एका खोलीत, हा नियम मला माझ्या आधीच्या कॅम्प बॉसने शिकवला आणि तो बरोबर होता. बाहेरच्यांना वाटतं, एवढे धर्म, एवढे देश, मारामाऱ्या होत असतील. धर्मावरून माझ्याकडे सव्वीस वर्षांत एकही भांडण आलं नाही. भांडणं येतात ती वासावरून, घोरण्यावरून आणि एसीवरून. एका खोलीत एकाला सोळावर एसी हवा आणि दुसऱ्याला चोवीसवर, सहा महिने मी त्या एसीची सुनावणी घेत होतो.

आणखी दोन वस्तू माझ्या टेबलाशी होत्या, त्या आधीच सांगून ठेवतो. एक जप्तीचं कपाट. खोलीत हिटर, शेगडी, दारूची बाटली सापडली की ती त्यात जायची, रजिस्टरात नोंद व्हायची, आणि बाटली सोडून बाकीची वस्तू माणूस कॅम्प सोडताना सही करून परत न्यायचा. दुसरी वस्तू, निळ्या शाईचं स्टॅम्प पॅड. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी. लोकांच्या सह्या घेणं हा या धंद्याचा निम्मा भाग आहे. मी त्यात तरबेज होतो. "अरे, कागदच आहे, कर ना," एवढं म्हटलं की लोक करतात.

या कॅम्पात तोशी आला. नाव मी बदललंय, गावाचं सांगणारच नाही. हॉटेलच्या बेकरीत लागला होता. सव्वीस-सत्तावीसचा, बुटका, मजबूत बांध्याचा, बी.ए. झालेला. मी चेहरा बघितला, निळं कार्ड काढलं आणि फिलिपिनोंच्या खोलीत टाकला. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पासपोर्टची फोटोकॉपी माझ्या हातात ठेवली.

"अंकल, मी नागालँडचा."

"अरे, मग सांगायचं ना."

"रूममधली मुलं चांगली होती," तो म्हणाला. "जेवायला बोलवत होती."

मी ओशाळलो. हिरवं कार्ड करून त्याला चार मराठी ड्रायव्हरांच्या खोलीत हलवलं. तिथला म्होरक्या दत्ता. राजापूरकडचा, चाळिशीला आलेला, स्टाफ बस चालवायचा. कामाला वाघ, तोंडाला तिखट. त्या खोलीत तोशीचं नाव दुसऱ्याच दिवशी 'चिनी' पडलं. "बॉस, तुमचा चिनी काय शिजवतोय बघा, अख्खा मजला मेलाय," अशी दत्ताची पहिली तक्रार. जाऊन बघतो तर आंबवलेल्या सोयाबीनची चटणी आणि बांबूचे कोवळे कोंब. वास होता, नाही असं नाही. पण मी वसईचा माणूस. माझ्या घरी बोंबील भाजले की शेजारचे खिडक्या लावतात. मी म्हटलं, "दत्ता, तुझी सुकट मी आठ वर्षं सोसतोय. गप बस."

तोशी ख्रिस्ती आहे हे कळलं तेव्हा मी खूश झालो. आपलाच माणूस! विचारलं-पुसलं काही नाही, सरळ त्याचं नाव आम्हा कॅथलिकांना चर्चमध्ये मिस्साला नेणाऱ्या बसच्या यादीत घातलं. आला बिचारा. तासभर आमच्या उठण्याबसण्यासोबत उठला-बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "अंकल, फार छान. पण प्रवचन इतकं छोटं का?" तेव्हा कळलं की तो बॅप्टिस्ट. त्यांच्यात प्रवचन तास-दीड तास आणि ते लोकांना आवडतं. जेवणाआधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. तीही लांबलचक. दत्ता म्हणायचा, "ह्याची भाजी देवाकडे जाऊन थंड होऊन परत येते."

त्या वर्षीची नाताळची तयारी. दर वर्षी मेसच्या हॉलमध्ये मी एक लहानशी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचो. कंपनीची परवानगी होती, बिनख्रिस्ती पोरंही हौसेने हात लावायची. तेवीस डिसेंबरला खोल्यांची तपासणी करताना तोशीची पेटी उघडी होती आणि वरच एक निळं कापड घडी करून ठेवलेलं. मी उलगडलं. निळ्यावर लाल-पिवळं-हिरवं इंद्रधनुष्य आणि कोपऱ्यात पांढरा तारा.

"हे काय रे?"

त्याने कापडाचं टोक बोटांत धरलं. "तारा म्हणजे बेथलेहेमचा तारा, अंकल. इंद्रधनुष्य म्हणजे देवाने नोहाला दिलेलं वचन."

झालं. आम्हा वसईकरांना नाताळात तारा दिसला की हात शिवशिवतात. आमच्याकडे घराघरावर तारा टांगतात. कोणाचा मोठा, यावर गल्लीत चढाओढ असते. मी म्हटलं, "मग हे पेटीत काय करतंय? गव्हाणीच्या मागे लावू या."

"अंकल, ते तसं लावायचं नसतं..."

"येशूचा तारा आहे ना? मग नाताळात नाही लावायचा तर कधी लावायचा?"

मी स्वतः स्टुलावर चढलो आणि चार पिना मारल्या. तोशी खाली उभा राहून बघत होता. खूप वेळ बघत होता, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, घरची आठवण आली असेल. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्या ऐटीत पुढच्या कामाला गेलो.

सत्तावीस तारखेला जुमेरा लेक टॉवर्सच्या आमच्या हेड ऑफिसातून फोन. एचआरच्या मॅडम लेबनॉनच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटायची. "लोपीस, तुझ्या मेसमध्ये कोणता झेंडा लागलाय?"

मी म्हटलं, झेंडा नाही मॅडम, नाताळचं डेकोरेशन आहे. त्यांनी फोटो पाठवला. गव्हाणीसमोर उभं राहून दत्तानेच काढलेला सेल्फी. त्याने तो गावी चुलतभावाला पाठवला होता. चुलतभाऊ फौजेत, त्याची पोस्टिंग नागालँडकडे झालेली. त्याने उलट कळवलं, 'दादा, हा नागांचा झेंडा आहे. वेगळा देश मागणाऱ्यांचा.' दत्ताने तक्रार माझ्याकडे आणलीच नाही, थेट वर केली. खाली सात जणांच्या सह्या.

दुबईत परवानगीशिवाय कुठलाही झेंडा, कुठलीही सभा चालत नाही. तिथे राहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. एक माणूस, एक कागद, खलास, दुसऱ्या आठवड्यात विमानात. मॅडमनी तोशीला बोलावून विचारलं, हे कोणी लावलं? मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

तोशी म्हणाला, "मी."

आणि मी गप्प राहिलो. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या बऱ्याच विसरलो. ही नाही विसरलो.

मॅडमनी मार्ग काढला. तोशीने माफीचं हमीपत्र द्यावं, तक्रार करणाऱ्यांचं समाधान व्हावं, वॉर्निंग लेटर देऊन विषय बंद. एकतीस तारखेपर्यंत सही नाही आली तर व्हिसा कॅन्सल. मसुदा करायचं काम माझ्याकडे. मी दत्ता आणि मंडळींना विचारून तो केला. त्यात एक वाक्य घातलं: 'मी भारतीय आहे, हा झेंडा देशविरोधी आहे हे मला मान्य आहे आणि मी त्याचा निषेध करतो.' वाटलं, चार शब्दांनी सगळे गार होतील.

लाँड्रीच्या मागे एक बाकडं होतं. तिथे मी तोशीला कागद दिला. त्याने दोनदा वाचला.

"मी लावला, हे लिहून देतो. माफी पण मागतो. हे मधलं वाक्य नाही."

"अरे, कागदच आहे."

"अंकल, आमच्याकडे कागद 'कागदच' नसतो."

आणि मग त्या बाकड्यावर तो बोलला. हिंदीत, अडखळत, मी माझ्या भाषेत सांगतो. त्याचा पणजा माणसांची मुंडकी आणणाऱ्यांपैकी होता. गावाच्या वेशीवर ती टांगायची, तोच मान. मग अमेरिकेचे मिशनरी डोंगर चढून आले आणि त्याच पणज्याचा मुलगा, म्हणजे तोशीचा आजा, चर्चमध्ये मोठ्याने बायबल वाचू लागला. "आम्हाला लिपी बायबलने दिली, अंकल. वेगवेगळ्या जमातींचे आम्ही, एकमेकांची भाषा येत नाही, काल एकमेकांचे गळे कापत होतो. आम्ही एक लोक आहोत हे आम्हाला चर्चमध्ये कळलं. म्हणून झेंड्यावर तारा आहे."

इंग्रज जाणार म्हटल्यावर त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही यायच्या आधी आम्ही जसे होतो तसं आम्हाला सोडून जा. कोणी ऐकलं नाही. मग त्यांनी चौदा ऑगस्टला, भारताच्या एक दिवस आधी, आपणच आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढे काही वर्षांनी गावोगाव फिरून कौल घेतला. बहुतेक माणसं लिहिणारी नव्हती, म्हणून सगळ्यांनीच अंगठे उठवले. दिल्लीने तो कौल मानला नाही. मग बंदुका आल्या, दोन्हीकडून. आजाचं गाव जळलं, धान्याची कोठारं जळली, चर्च जळलं. लोक दोन वर्षं जंगलात राहिले, कंद खाऊन. रविवारी झाडाखाली प्रार्थना व्हायची, गाणी म्हणायची पण ओठांतल्या ओठांत, आवाज बाहेर गेला तर सैनिक येतील म्हणून.

"आजाचा त्या कौलात अंगठा आहे," तोशी म्हणाला. "मरेपर्यंत तो अंगठा दाखवायचा. म्हणायचा, देवासमोर उठवलाय. आता मी इथे सही करून तो पुसू?"

मी वाद घातला. म्हटलं, आता कोण लढतंय? म्हटलं, तुमच्यातही काय कमी झालं? तो लगेच म्हणाला, "खूप झालं. गट पडले. नागांनी नागांना मारलं. माझा मामा आमच्याच लोकांनी मारला. येशूचं नाव घेऊन. मी लहान होतो तेव्हापासून शस्त्रसंधी आहे, तेव्हापासून बोलणी चालू आहेत. मला बंदूक नको, अंकल. मला बेकरी टाकायची आहे."

"मग भारतीय पासपोर्ट घेऊन फिरतोस तो?"

"पासपोर्ट प्रवासाला लागतो." मग हसला. "गंमत बघा. वर्षभर हे लोक मला चिनी म्हणतात. दिल्लीत कॉलेजला होतो, तिथे विचारायचे, व्हिसा कधी संपतो? तुम्हीपण मला निळं कार्ड दिलं. आणि मी नागा म्हटलं की सगळ्यांना राग येतो, की हा भारतीय का म्हणत नाही."

मला वसईची आठवण झाली. आमचं गाव महापालिकेत घेतलं तेव्हा आमच्या लोकांनी किती आरडाओरडा केला होता, आम्हाला विचारलं का म्हणून. गाव आणि देश ही तुलना नाही बसत, मला कळतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढं माझ्या लक्षात आलं.

"आणि तू मला तेव्हा सांगितलं का नाहीस? हा झेंडा आहे म्हणून?"

तो कापडासारखी त्या कागदाची घडी करत राहिला. "जन्मात मी तो भिंतीवर लागलेला बघितला नव्हता, अंकल. आमच्या घरी तो तांदळाच्या कणगीत लपवलेला असायचा. तुम्ही स्टुलावर चढलात, मला वाटलं, दोन दिवस तरी बघू या. लोभ सुटला. चूक माझी आहे."

त्याची बहीण दिमापूरला नर्सिंग शिकत होती, त्याच्या या नोकरीच्या भरवशावर. व्हिसा गेला तर तिचं शिक्षण गेलं. तेही मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी मी दत्ताला ऑफिसात बसवला. त्याला झापायचाच बेत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "बॉस, माझा धाकटा काका फौजेत होता, त्या नागांच्या डोंगरात गेला. मी पाच वर्षांचा होतो. पेटी आली, आम्हाला उघडून दाखवली नाही. माझी काकू सत्तावीसची होती. तो झेंडा बघितला आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या खाली उभं राहून मी हसतोय, फोटोत." तो रडत नव्हता, पण हातातली बसची किल्ली टेबलावर आपटत होता. मी झापलं नाही. दोघांच्या घरची माणसं गेली होती, त्याच डोंगरांत.

सुट्टीला मी अजमानला घरी गेलो. बायकोला, आमच्या फिलूला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "टांगलं कोणी?"

"मी."

"मग?"

"मग काय, त्याने स्वतः सांगितलंय मी म्हणून..."

"हे मनात ठेवूनच रविवारी चर्चमध्ये कम्युनियन घ्यायला जाणार आहात ना?"

मुलगी सोफ्यावर होती, ती म्हणाली, "Dad, just tell them." घरात दोन बायका असल्या की पापनिवेदनाला फादर लागत नाही.

तीस तारखेला मी मॅडमसमोर नवा कागद ठेवला, माझ्या नावाचा. कापड मी स्वतः लावलं. कर्मचाऱ्याने लावायला मागितलं नव्हतं. तारा आणि इंद्रधनुष्य बायबलमधले असल्याने मी ते नाताळचं सजावटीचं कापड समजलो. कापड काढून जप्तीच्या कपाटात ठेवलं आहे. खाली फक्त माझी सही. तोशीची सही लागणारच नाही असाच तो मी लिहिला होता. ही करामत सव्वीस वर्षांच्या अनुभवाची.

मॅडमनी वाचलं. "तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि आता? हा झेंडा आहे की सजावट?"

मला कळलं की त्या मला दार उघडून देतायत. झेंडा म्हटलं तर पुढे पोलिसांपर्यंत जाणार. सजावट म्हटलं तर फाईल बंद.

"सजावट, मॅडम."

त्यांनी शिक्का मारला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, सबंध नोकरीतलं एकच. हात दाखवून अवलक्षण, पण त्या रात्री झोप चांगली लागली. तोशीची नोकरी राहिली. दत्ताला मी सगळं खरं सांगितलं. तोशीला दुसऱ्या खोलीत हलवू का, असंही विचारलं. दत्ताने बसची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "राहू दे. पण ती चटणी बंद करा म्हणावं." चटणी बंद झाली नाही. तोशीने मात्र दत्ताला काकाचं नाव विचारलं आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते घेऊ लागला. 'चिनी' हे नाव त्या खोलीतून कधी गेलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण गेलं.

तोशीला मी माझा कागद दाखवला होता. त्याने माझे दोन्ही हात धरले. "अंकल, नोकरी वाचवलीत. बहिणीला सांगतो." मग हळूच म्हणाला, "पण ते सजावटीचं कापड नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यानंतर दोन वर्षं आम्ही तो विषय काढला नाही. रोज सकाळी बेकरीतून येताना तो माझ्यासाठी एक बन आणायचा. मी खायचो आणि मागे कपाट असायचं.

मग माझा शेवटचा दिवस आला. चार्ज देताना कपाट रिकामं करून द्यावं लागतं. मी एकेकाला बोलावून वस्तू परत करत होतो: हिटर, शेगडी, एकाची गिटार. तोशी आला. मी निळी घडी त्याच्या हातात दिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. माझ्याच अक्षरात नोंद होती: 'सजावटीचं कापड, एक.' समोर सहीची रिकामी जागा.

त्याने पेन घेतलं. वाचलं. पेन खाली ठेवलं.

"अंकल, मी नंतर नेतो. माझं कॉन्ट्रॅक्ट संपेल तेव्हा."

नवा कॅम्प बॉस येणार, तो काय करेल कोण जाणे, कपाटासकट फेकूनही देईल, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने घडी परत टेबलावर ठेवली. त्याला ते हवं होतं, पण त्या नावाने नको होतं.

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. 'सजावटीचं कापड' या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, 'झेंडा. नागांचा,' आणि बाजूला माझी सही केली, तारखेसकट. शेवटच्या दिवशी शूर व्हायला काही लागत नाही, ते मला कोणी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर त्याला शौर्य म्हटलं असतं, आणि हा पोरगा घरी गेला असता. मला अजून कळत नाही की मी तेव्हा बरोबर होतो की आता.

रजिस्टर पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. बी.ए. झालेल्या त्या मुलाने माझ्या टेबलावरचं स्टॅम्प पॅड जवळ ओढलं, झाकण उघडलं आणि त्या नोंदीसमोर नीट दाबून अंगठा उठवला. मग माझ्याच टिश्यूने शाई पुसली, घडी शर्टच्या आत ठेवली आणि ड्यूटीची बस पकडायला गेला. बस दत्ताची होती. तो दार उघडं ठेवून थांबला होता.